धुळ्याच्या पट्टीवर उतरेल असं विमान

भाऊंचा पहिला फोन आला तेव्हा मी दिल्लीत, एका विमानाच्या पंखाच्या सावलीत उभी राहून मालकांची वाट बघत होते. छोटी जेट चालवणाऱ्या वैमानिकाचं अर्धं आयुष्य असंच जातं. हवामान पुन्हा एकदा बघायचं, मालकांना लागतो तो चहा थर्मासमध्ये आहे ना ते पाहायचं, आणि उभं राहायचं. फोनवरचा आवाज अनोळखी होता, पण बोलण्याची ढब ओळखीची होती.

"ताई, तुम्ही यावलकडच्या ना?"

"हो. आपण?"

"मी जळगावहून बोलतो. आपला डाळ मिलच्या मशिनरीचा कारखाना आहे. मला एक विमान घ्यायचंय. जुनं. तुम्ही बघून द्याल का?"

मला हसू आलं, पण आवाजात येऊ दिलं नाही. जुनी मोटारसायकल बघून द्याल का, असं विचारावं तसं ते विचारत होते. पुढच्या सुट्टीत गावी येईन तेव्हा भेटते, असं सांगून मी फोन ठेवला. तेवढ्यात मालक आले.

माझं गाव यावल तालुक्यातलं, सातपुड्याच्या पायथ्याशी. वडिलांची केळीची बाग. विमान चालवायला मी शिकले ती धुळे जिल्ह्यातच, एका पंख्याच्या छोट्या विमानावर. पण शिकून झाल्यावर आमच्या भागात माझं काही काम उरलं नाही. दिल्ली, मुंबई, बंगळुरू, जिथे विमानं तिथे मी. जळगावात कुणी जेट विकत घेईल आणि ते निवडायला मला बोलावेल, हे मी कधी मनातसुद्धा आणलं नव्हतं.

भाऊंची केबिन कारखान्याच्या आवाजातच होती. साठीच्या आसपासचे, अंगाने बारीक, पांढरा हाफ शर्ट, खिशाला स्टीलचा टेप अडकवलेला. भिंतीवर भारताचा नकाशा, त्यावर टाचण्या. प्रत्येक टाचणी म्हणजे त्यांचं मशीन बसवलेली एक मिल.

"ही बघा," ते म्हणाले, "ही रायपूरकडची. ही गुलबर्ग्याची. ही कटनी. सीझनमध्ये यातलं एखादं मशीन बंद पडलं की मिलवाला दर तासाला फोन करतो. माझा फिटर इथून निघतो. गाडी बदल, बस बदल, हातात दहा किलोची पेटी. तिसऱ्या दिवशी पोचतो. विमानानं जायचं म्हटलं तर आधी मुंबई. जळगावहून पूर्वेला जायचं तर आधी पश्चिमेला जा! मला ते नको."

"म्हणजे विमान फिटरांसाठी?"

"मग कुणासाठी? मी काय हवा खायला जाणार आहे?"

मी त्यांना विचारलं, नवं का नाही घेत. ते म्हणाले, "मी पहिली लेथ मशीन घेतली ती जुनी. नीट पारखून घेतली. अजून चालू आहे. चांगल्या हातात राहिलेलं जुनं मशीन मला नव्यापेक्षा आवडतं. त्याच्यात काय खोड आहे ते एव्हाना कळलेलं असतं."

मग त्यांनी त्यांची अट सांगितली. विमान जळगावात राहील, पण ते धुळ्याच्या पट्टीवरही उतरलं पाहिजे. धुळ्यात त्यांची ओतकामाची भट्टी होती. मशीनचे सगळे जड भाग तिथे ओतले जात, आणि ती भट्टी त्यांचे थोरले भाऊ, नाना, सांभाळत. मी पट्टीची लांबी मनात आठवली. जळगावच्या मानाने आखूड. हिवाळ्यात ठीक. पण मे महिन्यात? गरम हवा पातळ असते. पातळ हवेत इंजिनाचा जोर कमी होतो, पंखांना आधार कमी मिळतो, आणि विमानाला जमीन सोडायला जास्त धावावं लागतं. आमच्याकडचा उन्हाळा काय असतो हे मला कुणी सांगायची गरज नव्हती.

"भाऊ, असं विमान शोधायला वेळ लागेल," मी म्हणाले.

"लागू द्या."

मी दिल्लीची नोकरी सोडली. मैत्रिणी म्हणाल्या, वेड लागलंय. माझी मान मात्र त्या दिवसापासून वेगळीच ताठ झाली होती. इतकी वर्षं मी इतरांनी निवडलेली विमानं चालवली. हे मी निवडणार होते.

नानांना भेटायला भाऊ मला धुळ्याला घेऊन गेले. भट्टीच्या दारात खाट टाकून नाना बसले होते. धोतर, बंडी, डोळ्यांवर जाड चष्मा. भाऊंनी माझी ओळख करून दिली. नानांनी मला नीट न्याहाळून अहिराणीत विचारलं.

"तू इमान चालाडस, माय?"

"हो नाना."

"चांगलं शे." मग ते भावाकडे वळले आणि त्यांचा आवाज बदलला. "मोटर शे, रेल्वे शे, बठ्ठं शे. इमान कसाले? आपण काय राजा शेतस का?"

भाऊंनी समजवायचा प्रयत्न केला. फिटर, सीझन, मिलवाल्यांचे फोन. नाना ऐकत राहिले आणि शेवटी एवढंच म्हणाले, "तुले जे करनं ते कर. माले त्यामा बसाडू नको."

पहिलं विमान आम्ही दक्षिणेतल्या एका समुद्रकाठच्या शहरात बघितलं. मी, भाऊ आणि आमचे विमानाचे इंजिनिअर, जे पुढे आमच्याकडेच नोकरीला राहिले. भाऊंनी घरून दशम्या, ठेचा आणि शेंगदाण्याची चटणी बांधून आणली होती आणि दलालाच्या वातानुकूलित खोलीत ती शिदोरी सोडून बसले. दलालाने आधी संकोचाने एक घास घेतला, मग तीन दशम्या खाल्ल्या.

विमान दिसायला देखणं होतं, खोटं कशाला बोलू. पांढरंशुभ्र, शेपटीवर निळी रेघ, आत लोण्याच्या रंगाचं चामडं. दलाल पेल्यांचं कपाट उघडून दाखवत होता. भाऊंनी खिशातला टेप काढला आणि दाराची रुंदी मापली. मग उंची. मग आतल्या दोन खुर्च्यांमधली जागा.

"सर, हे बाथरूम," दलाल म्हणाला.

"ते राहू द्या. ही मागची खुर्ची काढता येते का? भट्टीतलं कास्टिंग, ओतलेले भाग, ठेवायला जागा लागेल."

चाचणी उड्डाण झालं. मी चालवलं, भाऊ मागे बसले. खाली उतरलो तेव्हा त्यांचे डोळे चमकत होते. हात फिरवत ते विमानाभोवती दोन फेऱ्या मारून आले, आणि मला कळलं की हे आता हो म्हणणार. मी त्यांना बाजूला घेतलं.

"भाऊ, हे घेऊ नका."

"का? उडताना काही झालं का?"

"उडतं छान. पण या इंजिनांच्या जोरावर मेमध्ये धुळ्याहून निघायचं तर आम्ही दोघं वैमानिक आणि फार तर दोन माणसं. पेटी नाही, कास्टिंग नाही. मी गणित तीनदा केलंय. आणि इंजिनिअर म्हणतात, मागच्या बाजूला तळाच्या फळीखाली पांढरी भुकटी धरलीय. ॲल्युमिनिअमचा गंज. समुद्राच्या हवेत बरीच वर्षं नुसतं उभं राहिलंय हे."

ते चिडले. मी त्यांना चिडलेलं तेव्हा पहिल्यांदा पाहिलं. "ताई, मी तुम्हाला विमान घ्यायला आणलं, की नाही म्हणायला? वर्षाचे किती दिवस मे महिना असतो?"

"आपल्याकडे मार्चपासून असतो," मी म्हणाले. माझाही आवाज चढला होता. "तुम्ही हे घेतलंत तर मी चालवीन. पण धुळ्याला उतरायचं नाव काढायचं नाही. आणि उन्हाळ्यात फिटर एकटा जाईल, पेटी मागून बसनं येईल."

इंजिनिअर दुसरीकडे बघत उभे होते. भाऊ हँगरच्या दारापर्यंत चालत गेले, तिथे उन्हात थोडा वेळ थांबले आणि परत आले. दलालाला म्हणाले, "तुमचं विमान चांगलं आहे. आमच्या गावाला चालायचं नाही." मग माझ्याकडे बघून, जरा घुश्शातच, "चला, कॅप्टन."

तोपर्यंत ते मला ताई म्हणत होते. त्या दिवसापासून कॅप्टन.

त्यानंतर किती विमानं कागदावर बघितली आणि सोडली याचा हिशेब मी ठेवला नाही. एखाद्याची इंजिनं लवकरच दुरुस्तीसाठी उघडायला आलेली, एखाद्याचा मालक तपासणी करू द्यायला तयार नाही. गावात तोवर बातमी पसरली होती. यावलच्या बसस्टँडवर कुणी वडिलांना विचारे, "पोरीचं विमान कुठी अटकलं?" वडील सांगत, "पारखू राह्यली."

शेवटी ऑस्ट्रियातून एक निरोप आला. डोंगरातलं छोटं गाव, लाकडाचा व्यापार करणारं एक कुटुंब, आणि त्यांचं जेट. पहिल्यापेक्षा वयाने मोठं, पण इंजिनं जास्त ताकदीची. त्यांची पट्टीही आखूड, दोन्ही बाजूंना डोंगर, म्हणून त्यांनी मुद्दाम तसलं घेतलेलं. मी त्याचं पंचेचाळीस अंशांचं गणित मांडलं. दोन वैमानिक, चार फिटर, सामान, धुळ्याची पट्टी. बसलं. पुन्हा केलं. पुन्हा बसलं. मी भाऊंना फोन केला आणि म्हणाले, "स्वेटर घ्या. जायचंय."

त्या विमानाचं आतलं चामडं तपकिरी होतं आणि खुर्च्यांच्या हातांवर घासून पिवळं पडलेलं. मालक भाऊंपेक्षा दहा-एक वर्षांनी मोठे, उंच, हातांना लाकूडकाम करणाऱ्यांचे घट्टे. त्यांना मराठी येत नव्हती, भाऊंना जर्मन नाही, आणि दोघांचंही इंग्रजी कामापुरतं. तपासणी चार दिवस चालली. इंजिनाच्या पोटात बारीक कॅमेरा घालून प्रत्येक पात्याची कड बघितली. फळ्या उचलल्या. चाकं खाली-वर करून पाहिली. आमच्या इंजिनिअरांना एकच गोष्ट खटकली, पुढच्या काचेच्या थरांमध्ये बुडबुडे धरू लागले होते. मालकांना सांगितलं तर ते आधी ओशाळले, मग म्हणाले की नवी काच बसवल्याशिवाय विमान इथून हलणार नाही. आणि बसवली.

तिसऱ्या दिवशी त्यांनी मला विचारलं, "हे गृहस्थ दार का मापत होते?"

मी सांगितलं. डाळीच्या गिरण्या, फिटर, ओतलेले लोखंडी भाग. ते मोठ्याने हसले आणि भाऊंचा दंड धरून त्यांना विमानात घेऊन गेले. मागच्या खुर्चीखालच्या पट्टीवर लांब ओरखडे होते. करवतीची पाती, ते म्हणाले. त्यांच्या गिरण्यांना लागणारी मोठमोठी पाती ते यातूनच नेत असत. बायकोला ते ओरखडे आवडत नसत. भाऊ खाली वाकले, ओरखड्यांवरून बोट फिरवलं आणि मला म्हणाले, "कॅप्टन, यांना सांगा, आम्ही आणखी पाडू."

मी सांगितलं. त्या माणसाने हात पुढे केला. सौद्याचे कागद नंतर झाले, पण विमान तिथे आमचं झालं.

शेपटीवर भारताची अक्षरं रंगवून, परवानग्यांचे सगळे सोपस्कार पार पाडून मी ते घेऊन निघाले तेव्हा तिकडे बर्फ पडून गेला होता. सोबत सहवैमानिक आणि इंजिनिअर. ग्रीसमध्ये एकदा आणि आखातात दोनदा इंधन घेत, मुक्काम करत आम्ही आलो. अहमदाबादला कस्टमचं काम उरकलं. तिथून निघालो तेव्हा सहवैमानिकाने विचारलं, "मॅडम, हे शेवटचं मी चालवू का?" आधीचे दोन टप्पे मी त्याला दिले होते. मी म्हणाले, "आज नको."

डावीकडे सातपुडा, खाली तापी. धुळे मागे गेलं. चोपड्याच्या बाजूला केळीच्या बागांचे काळपट हिरवे चौकोन सुरू झाले. मी रेडिओवर जळगावला कळवलं. या आकाशात मी शिकाऊ म्हणून घिरट्या घातल्या होत्या. आता दोन इंजिनांचं जेट घेऊन, एका खंडातून दुसऱ्या खंडात येऊन, मी माझ्याच घरी उतरत होते. चाकं जळगावच्या पट्टीला लागली तेव्हा हातांना कळलंसुद्धा नाही, इतकी हलकी. तसं उतरणं रोज जमत नाही.

भाऊंनी सगळा कारखाना बोलावला होता. आणि यावलहून एक टेम्पो भरून माझं गाव आलं होतं. परवानगी मिळाली ती मोजक्या जणांना आत यायची. वडील सर्वांत पुढे, डोक्याला नवी टोपी, खांद्यावर केळीचा अख्खा घड. ते विमानाकडे न बघता माझ्याकडे आले.

"तू चालवत आनलं का वं इतल्या लांबून?"

"हो आबा."

"एकटी?"

"सहवैमानिक होता. पण इथं मीच उतरवलं."

त्यांनी घड खाली ठेवला आणि टोपी उगाचच सारखी केली. "मी पाहत व्हतो. धक्का नाही बसला." शेजारच्या काकांकडे वळून पुन्हा म्हणाले, "धक्का नाही बसला, पाह्यलं ना?" आणि मग विमानतळावरच्या सुरक्षारक्षकालाही तेच सांगायला गेले.

पूजेला अडचण आली. भाऊंच्या पत्नीला, म्हणजे काकूंना, नारळ विमानाच्या चाकापाशी फोडायचा होता. आमचे इंजिनिअर दोन्ही हात पसरून मध्ये उभे राहिले. करवंटीचा तुकडा इंजिनात गेला तर एवढं आणलेलं विमान महिनाभर बसून राहील. अक्षतांनाही त्यांनी मनाई केली. शेवटी नारळ फाटकाबाहेर फुटला, विमानाच्या नाकावर मी बोटाने कुंकू लावलं आणि वडिलांच्या घडातली केळी सगळ्यांना वाटली. साली एका पोत्यात जमा करून घेईपर्यंत इंजिनिअर तिथून हलले नाहीत.

भाऊ मात्र मधूनमधून फाटकाकडे बघत होते. नाना आले नव्हते.

कामाला सुरुवात झाली. पहिल्या खेपेला चार फिटर गणवेशात, पेट्या मांडीवर घेऊन बसले. पेट्या मागे ठेवा म्हणून मला दोनदा सांगावं लागलं. सकाळी निघून कटनीकडची मिल दुपारी चालू केली आणि दिवे लागायच्या आत जळगावात परत. त्यांच्यातला एक जण, केस पिकलेला, उतरताना पायरीवर थांबून म्हणाला, "मॅडम, आज मी घरी जेवणार." तो ज्या दिवशी कामाला बाहेर गेला त्याच दिवशी घरी जेवला, असं त्याच्या नोकरीत कधी झालं नव्हतं. मोठ्या शहरांत मी ज्यांना घेऊन फिरले ते सगळे मोठे लोक होते. त्यातल्या कुणी मला असं काही सांगितल्याचं आठवत नाही.

मग खरा उन्हाळा आला. एका सकाळी मी भाऊंच्या केबिनमध्ये असताना धुळ्याहून फोन वाजला. भाऊंनी स्पीकर चालू केला. नानांचा आवाज.

"रायपूरवालानी पुली तडकनी. त्यानी मिल बंद शे. नवी वती ठेयेल शे, तयार शे." मग जरा थांबून, "इमान धाडी दे."

भाऊंनी माझ्याकडे बघितलं. मी उठलेच होते.

एका फिटरला घेऊन दुपारी धुळ्याच्या पट्टीवर उतरलो तेव्हा पारा त्रेचाळीसच्या पुढे होता आणि हवा डांबरावर थरथरत होती. नाना जीपजवळ उभे. भट्टीवरच्या माणसांनी पुली गोणपाटात गुंडाळून आणली होती. मागची खुर्ची काढलेली होतीच. दारातून ती आत गेली, दोन्ही बाजूंना बोटभर जागा राखून. आम्ही ती पट्ट्यांनी आवळून बांधली. मी दार लावायला वळले तर नाना पायरीवर पाय ठेवून उभे.

"मी बी येस," ते म्हणाले. "ही पुली ते बठ्ठा वाकडी बसाडतीन."

मी त्यांना धरून आत घेतलं आणि पट्टा स्वतः बांधला. त्यांनी खुर्चीचे हात घट्ट पकडले. "माय, इतला तापमा हाई वर उठई का?"

"उठेल नाना. त्यासाठीच निवडलंय."

हे वाक्य माझ्या तोंडून अगदी सहज गेलं. कॉकपिटमध्ये बसल्यावर मात्र मी आकडे पुन्हा एकदा तपासले. पट्टीच्या टोकाला विमान वळवलं, ब्रेक दाबून दोन्ही इंजिनांना पूर्ण जोर दिला आणि सोडलं. वेग वाढत गेला. पट्टीचं दुसरं टोक दिसायला लागलं, पण अजून बरंच पुढे होतं. मी नाक उचललं आणि विमान निघालं, मनात मांडलं होतं बरोबर त्याच जागेवरून. समुद्रकाठचं ते देखणं पांढरं विमान मला एक क्षण आठवलं. मग आम्ही वळलो.

मागून नानांचा आवाज आला, "उठनं! उठनं!" शेजारच्या फिटरला ते सांगत होते, जणू त्याला दिसत नव्हतं.

रायपूरच्या मिलमध्ये नानांनी पुली स्वतः उभं राहून बसवून घेतली. मशीन सुरू झालं तेव्हा मिलवाल्याने त्यांना खुर्ची दिली, सरबत मागवलं, आणि आपल्या भागीदारांना बोलावून सांगायला लागला की हे सकाळी धुळ्यात होते. नाना त्या खुर्चीत निवांत बसले. प्रत्येक येणाऱ्याला ते पुन्हा ऐकायचं होतं आणि नानांना पुन्हा सांगायचं होतं. मी दोनदा घड्याळ दाखवलं. धुळ्याच्या पट्टीवर दिवे नाहीत, सूर्य मावळायच्या आत तिथे उतरावं लागतं. नाना निघाले तेव्हा ती वेळ गेली होती.

"नाना, आता धुळे नाही. जळगावला उतरावं लागेल."

"मंग जळगावले चाल," ते म्हणाले.

जळगावला पोचलो तेव्हा पट्टीचे दिवे नुकतेच लागले होते. भाऊ विमानाजवळ येऊन उभे राहिले. दार उघडलं आणि पायरीवर आधी धोतराचा सोगा दिसला. नाना सावकाश उतरले. दोघं भाऊ समोरासमोर. मला वाटलं आता काहीतरी मोठं बोलणं होईल. नानांनी विमानाच्या पंखावर हाताचा पंजा ठेवला, भट्टीवर एखादा ओतलेला नग तपासताना ठेवत तसा, आणि म्हणाले, "भू चांगलं शे. कोनी पारखं?"

भाऊंनी माझ्याकडे बोट दाखवलं.

"माले माहीत व्हतं," नाना म्हणाले. मग भावाला, "आते एक काम कर. भट्टीवरना लोकेसनी आयुष्यभर तुनं लोखंड वतं. पाळी पाळीनं बसाडसूत बठ्ठासले."

भाऊ हो म्हणाले. परवानगी काढावी लागली, विमानाचं इंधन धुळ्यात मिळत नाही म्हणून जळगावहून भरून न्यावं लागलं, पण पावसाळ्याआधीच्या रविवारी आम्ही ते केलं. एका वेळी सहा जण. भट्टीवाले, वाळूचे साचे करणारे, नग घासणाऱ्या बायका. धुळ्याहून उठायचं, शहरावरून एक वळण, लळिंगचा किल्ला दाखवायचा, पांझरा दाखवायची आणि उतरायचं. माझ्या नोकरीतली ती सर्वांत छोटी उड्डाणं. परदेशातून जेट घेऊन येताना जो अभिमान वाटला होता तो त्या दिवशी दुपटीने वाटला, कारण आता तो माझ्या एकटीचा नव्हता.

तिसऱ्या फेरीत वाळू चाळणाऱ्या एक अक्का होत्या. नवी साडी नेसून आलेल्या, हातात रुमाल. पहिली दोन मिनिटं डोळे मिटून बसल्या होत्या. मग सहवैमानिकाकडे विमान देऊन मी मागे वळून बघितलं, तर त्यांनी काचेला नाक लावलं होतं.

"आपली भट्टी कोठे शे?" त्यांनी विचारलं.

मी बोट दाखवलं. चिमणी, पत्र्याचं छप्पर, ठिपक्याएवढी दिसणारी जीप. त्यांनी रुमालाने काच पुसली.

"धाकली दिखस," त्या म्हणाल्या.

मग शेजारणीला कोपर मारून म्हणाल्या, "दख, पन दिखस."